परक्याची फाइल आणि आपली जबाबदारी

जुन्या मराठी फाँटांमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी आम्ही पाच जण सांभाळतो. सगळे आपापल्या नोकऱ्या करून, रात्री नाहीतर रविवारी. या लायब्ररीसाठी फझ टेस्टिंग सुरू करावं असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीन पानी टिपण लिहून त्याला विरोध केला. टिपण पोटतिडकीने लिहिलेलं आहे, आणि त्यातले आक्षेप मी इतर प्रकल्पांतल्या मित्रांकडूनही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. म्हणून हे उत्तर चार भिंतींच्या आत न ठेवता इथे देतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. फझिंग म्हणजे प्रोग्रामवर यंत्राने कचरा फेकत राहणं. खरा वापरकर्ता असा कचरा कधी देत नाही. आपल्याकडे चाचण्या आहेत, आणि दोघांनी वाचल्याशिवाय कोडमधला कोणताही बदल आत जात नाही. फझिंगची यंत्रणा मोठ्या कंपन्यांना परवडते, आपल्याला नाही. ती सुरू केली की क्रॅशच्या तक्रारींचा ढीग लागेल आणि आहेत ते स्वयंसेवकही थकून निघून जातील. शिवाय एवढं करूनही मोठे बग निसटतातच.

यातला शेवटचा मुद्दा पूर्ण खरा आहे. त्याच्या आधीचा, स्वयंसेवकांच्या थकव्याचा, अर्धा खरा आहे आणि सर्वांत गंभीरही. पहिले तीन मात्र मला अजिबात मान्य नाहीत.

कचऱ्यापासून सुरुवात करतो. १९८८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसाच्या एका रात्री घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेतल्या खरखरीमुळे त्यांनी टाइप केलेल्या आज्ञांत भलतीच अक्षरं मिसळत होती. त्यांना आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: त्या चुकीच्या अक्षरांनी युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्राम चक्क कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना तोच अभ्यास दिला. प्रोग्रामांना वेडीवाकडी अक्षरं द्या आणि काय होतं ते नोंदवा. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या युनिक्सच्या प्रत्येक आवृत्तीत एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले किंवा अडकून पडले. ‘फझ’ हे नाव तिथलंच. म्हणजे ज्याला कचरा म्हणतात तो कुणा दुष्टाने दिला नव्हता, पावसाने दिला होता. खऱ्या जगात फाइल अर्धवट डाउनलोड होते, पेनड्राइव्ह मध्येच काढला जातो, वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवर ओरखडा असतो. आमच्या लायब्ररीकडे येणाऱ्या फाइल तर बहुतेक अशाच कपाटांतून निघालेल्या असतात.

दुसरं म्हणजे, आजचा फझर आंधळा राहिलेला नाही. मिखाऊ झालेव्स्की यांनी २०१३ मध्ये एएफएल नावाचा फझर लोकांसमोर ठेवला. तो प्रत्येक इनपुट देताना प्रोग्रामच्या आतल्या कोणत्या वाटा चालल्या गेल्या याची नोंद ठेवतो. एखाद्या बदलाने नवी वाट उघडली, तर ते इनपुट जपून ठेवतो आणि पुढचे बदल त्याच्यावर करतो. २०१४ मध्ये झालेव्स्कींनी जेपीईजी चित्रं वाचणाऱ्या एका प्रोग्रामसाठी फझरला बीज म्हणून फक्त ‘हॅलो’ एवढा शब्द असलेली फाइल दिली. जेपीईजीची रचना कशी असते हे फझरला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी वाटा चाचपडत, काही तासांत, त्याने उघडता येतील अशी जेपीईजी चित्रं स्वतःच तयार केली. याला कचरा फेकणं म्हणता येणार नाही. कुलपाचा एकेक खटका ऐकत किल्ली घासत जाणारा हा कारागीर आहे.

आणि ‘असं इनपुट कोण देतं’ हा प्रश्न भारतीय लिप्यांत काम करणाऱ्यांनी तर विचारूच नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे जोडाक्षर संदेशात आलं की आयफोनवरचं ॲप बंद पडत असे. ॲपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ ही आवृत्ती काढावी लागली. पुढे झालेल्या विश्लेषणात दिसलं की देवनागरी आणि बंगालीतल्याही काही रचना त्याच दोषाला हात घालत होत्या: एक व्यंजन, त्याचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह, त्यापुढे र, मग अक्षरं जुळू नयेत म्हणून वापरलं जाणारं एक अदृश्य चिन्ह, आणि शेवटी स्वरचिन्ह. हा क्रम चाचणी लिहिणाऱ्या कोणत्या माणसाला सुचला असता? अक्षरं आणि चिन्हं अथकपणे जुळवून पाहणाऱ्या यंत्राला मात्र पाच तुकड्यांचा क्रम दूरचा नाही. तो कोड मुक्तस्रोत नव्हता, पण धडा आपल्यालाही लागू आहे. आपली लिपी जोडून, फिरवून, मागेपुढे करून लिहिली जाते. जिथे मागेपुढे करावं लागतं, तिथे हद्द ओलांडली जाण्याची शक्यता असतेच.

आता चाचण्या आणि कोड वाचणारे डोळे. दोन्ही हवेत, त्यावर वाद नाही. पण चाचणी लिहिणारा माणूस बहुधा कोड लिहिणाराच असतो, आणि कोड लिहिताना जी शक्यता त्याच्या मनात आली नाही, ती चाचणी लिहितानाही येत नाही. हार्टब्लीड आठवा. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत तो दोष होता. समोरचा संगणक मोजकेच बाइट पाठवून मोठा आकडा सांगे, ‘मी एवढे बाइट पाठवले आहेत, तेवढेच परत कर’, आणि सर्व्हर त्या आकड्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या मेमरीतले जवळपास ६४ किलोबाइटपर्यंत तुकडे परत देई. त्यांत पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्या असू शकत होत्या. ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला. दोन वर्षं तो कोड जगासमोर उघडा होता, आत घेण्याआधी वाचलाही गेला होता. वर्षभराने हॅनो ब्योक यांनी एएफएल आणि मेमरीतली हद्द ओलांडली की तिथेच पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर जोडून दाखवून दिलं की एका साध्या संगणकावर, काही तासांत, हा दोष यंत्राला सापडतो. कुठे पाहायचं हे माहीत असताना केलेला तो प्रयोग होता, हे मान्य. पण वापरलेली साधनं तेव्हा कुणालाही फुकट मिळत होती, हेही खरं.

‘आमच्या चाचण्या भक्कम आहेत’ असं म्हणण्याचा अधिकार जगात कुणाला असेल तर तो एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लोकांना. त्यांच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट चाचण्यांचा कोड आहे, आणि कोडमधली प्रत्येक शाखा दोन्ही बाजूंनी चालवून पाहण्याची शिस्त ते २००९ पासून पाळतात. २०१५ मध्ये झालेव्स्कींनी एसक्यूएलच्या शब्दांची यादी फझरच्या हाती दिली, आणि अर्ध्या तासाच्या मेहनतीत एसक्यूलाइटला कोसळवणारी २२ इनपुट मिळवली. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते एसक्यूलाइटच्या लोकांनी नंतर केलेलं काम. त्यांनी दोष दुरुस्त केले आणि फझिंगला आपल्या चाचणीपद्धतीत कायमची जागा दिली. ज्यांच्या चाचण्या जगात नावाजलेल्या, त्यांना यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

टिपण आल्यावर मी आमच्या लायब्ररीवरच प्रयोग करून पाहिला. जुन्या फाँटांत अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं याच्या उलट: जुन्या फाँटात तो अक्षराच्या मागून येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी ‘र्’ म्हणून बसतो. म्हणजे आमचा कोड वेलांटी दिसली की पुढचं व्यंजन शोधायला पुढे जातो, आणि रफार दिसला की ज्या अक्षरावर तो बसायचा ते शोधायला मागे येतो. फझरने अर्ध्या तासाच्या आत दोन फाइल समोर ठेवल्या. एकीचा शेवट पहिल्या वेलांटीने होत होता, दुसरीची सुरुवात रफाराने. पहिलीत कोड फाइलच्या शेवटापलीकडची मेमरी वाचत होता, दुसरीत सुरुवातीच्या अलीकडची. सॅनिटायझर जोडलेला नसता तर प्रोग्राम कोसळलाही नसता. कुणाच्या तरी लेखाच्या शेवटी दोन-चार अनोळखी अक्षरं गुपचूप चिकटली असती. दोषाची जात हार्टब्लीडचीच: आपल्या हद्दीबाहेरचं वाचणं. हा कोड मी स्वतः लिहिला होता, त्याच सहकाऱ्यांनी वाचून मंजूर केला होता, आणि आम्ही दोघेही मराठी शाळेत वेलांटी आणि रफार गिरवून मोठे झालो आहोत. कागदावर शब्द नुसत्या पहिल्या वेलांटीवर संपेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या भाषेत तो तसा संपत नाही. अर्धवट तुटलेली फाइल मात्र कुठेही संपते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. याबद्दल मनात फार मोठं चित्र असतं, म्हणून काम नेमकं काय आहे ते सांगतो. एक छोटं फंक्शन लिहायचं, जे काही बाइट घेईल आणि ते आपल्या लायब्ररीच्या दारात देईल. आमचं फंक्शन पंधरा ओळींचं आहे. क्लँग कंपायलरसोबत येणारा लिबफझर आणि ॲड्रेससॅनिटायझर चालू करून ते बांधायचं. सॅनिटायझरमुळे प्रोग्राम साधारण दुपटीने मंदावतो, पण हद्दीबाहेरचं प्रत्येक पाऊल जागच्या जागी पकडलं जातं. बीज म्हणून खऱ्या फाइल द्यायच्या, मात्र लहान. वीस ओळींची फाइल वीस पानांच्या फाइलपेक्षा जास्त कामाची. जुन्या फाँटातल्या वेलांट्या, रफार आणि अर्ध्या अक्षरांच्या सांकेतिक अंकांची यादी शब्दकोश म्हणून जोडायची, म्हणजे फझर अर्थहीन बाइटांत वेळ दवडत नाही. मग कोडमधल्या प्रत्येक बदलासोबत पाच-दहा मिनिटं आणि रात्री एखाद्या जुन्या संगणकावर काही तास तो चालू द्यायचा. पैशांचा हिशेब विजेच्या बिलापाशी संपतो. सीमध्ये कोड नसेल तरीही वाट मोकळी आहे. गो भाषेत २०२२ च्या १.१८ आवृत्तीपासून फझिंग भाषेच्या साधनांतच आहे, रस्टसाठी कार्गो-फझ आहे, पायथॉनसाठी अथेरिस.

त्या भाषांत मेमरीचे दोष सहसा नसतात, मग शोधायचं काय, असंही टिपणात विचारलं आहे. उत्तर सोपं आहे: आपण लोकांना दिलेलं वचन. आमच्या लायब्ररीचं वचन आहे की एकही अक्षर हरवणार नाही, आणि आधीच युनिकोडमध्ये असलेला मजकूर पुन्हा दिला तर तो जसाच्या तसा परत येईल. ही दोन वाक्यं फझरच्या फंक्शनमध्ये अट म्हणून लिहिली की कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही. वचन मोडणारी फाइलच फझर शोधू लागतो.

आता चौथा मुद्दा, ज्यासाठी मला सहकाऱ्यांबद्दल आदर वाटतो. स्वयंसेवकांवर पडणारं ओझं काल्पनिक नाही. हार्टब्लीडच्या काळात अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर चालत, तिथे पूर्णवेळ काम करणारं जेमतेम एक माणूस होतं. २०१४ च्या जानेवारीत गूगलने सांगितलं की एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रकल्पावर त्यांनी दोन वर्षं मोठ्या प्रमाणावर फझिंग केलं आणि त्यातून हजारावर दुरुस्त्या झाल्या. त्या दुरुस्त्यांमागचे श्रम बव्हंशी प्रकल्पाच्याच माणसांचे. २०२५ मध्ये याच एफएफएमपेगच्या लोकांनी उघडपणे म्हटलं की अब्जावधींच्या कंपन्या यंत्राकरवी दोष शोधतात, जाहीर करायची मुदत लावतात, पण दुरुस्ती पाठवत नाहीत. त्याच वर्षी एक्सएमएल वाचणारी लिबएक्सएमएल२ ही लायब्ररी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने जाहीर केलं की सुरक्षेच्या तक्रारींना यापुढे गुप्ततेची खास मुदत मिळणार नाही, त्या इतर बगांच्याच रांगेत उभ्या राहतील. मी या दोघांच्या बाजूने आहे. ज्यांचा धंदा आपल्या कोडवर चालतो, त्यांनी दोषासोबत दुरुस्ती पाठवावी किंवा दुरुस्तीचे पैसे द्यावेत. ही मागणी रास्त आहे आणि ती जोराने करायला हवी.

पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: शोधणारे बाहेरचे होते. वेळ त्यांची, मुदत त्यांची, निवड त्यांची. टिपणातून निघतो तो निष्कर्ष, की म्हणून आपण फझिंग करू नये, इथेच घसरतो. आपण केलं नाही म्हणून इतर थांबणार आहेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात खरं असेल. मुक्तस्रोतात मूठ उघडीच असते. आपला कोड उचलून कुणीही, परवानगी न घेता, त्याच्यावर फझर चालवू शकतो. त्यातला सज्जन आपल्याला कळवील. ज्याला त्या दोषातून काही लुबाडायचं आहे, तो कळवणार नाही.

म्हणून लगाम आपल्या हाती हवा. फझर आपण चालवला तर किती चालवायचा हे आपण ठरवतो, आणि हाताशी माणूस नसेल त्या महिन्यात तो बंदही ठेवतो. एकाच दोषाचे शंभर क्रॅश आले तरी कुठल्या ओळीवर कोसळलं यावरून त्यांची एकच नोंद करता येते. सापडलेली मोठी फाइल छाटून काही बाइटांवर आणायचं कामही साधनं स्वतः करतात. आमची वेलांटीची फाइल शेवटी एका बाइटची उरली, आणि ती पाहताक्षणी दोष कळला. याउलट वापरकर्त्याकडून आलेली तक्रार असते: चारशे पानांची फाइल, ‘शेवटी काहीतरी बिघडतं’ एवढं वर्णन, आणि तीन रविवार खर्ची. स्वयंसेवकाचा वेळ वाचवायचा असेल, तर या दोनांपैकी कोणती तक्रार हवी हे ठरवावं.

हार्फबझ या प्रकल्पाकडे पाहिलं की हे प्रत्यक्ष दिसतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांत देवनागरीची जोडाक्षरं जुळवून देणारी लायब्ररी ती हीच. अक्षरांचे आकार रंगवणारी फ्रीटाइप जशी २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या, मुक्तस्रोत प्रकल्पांवर सतत फझर चालवणाऱ्या ओएसएस-फझ या सेवेवर आली, तशी हार्फबझही आली. फझरला सापडलेले मोडके फाँट हार्फबझने फेकून दिले नाहीत. ते प्रकल्पाच्याच फोल्डरात आहेत आणि प्रत्येक बदलानंतर त्यांच्यावर चाचणी होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे ती ठेच जपून ठेवली जाते, म्हणून दहा वर्षांनी येणारा अनोळखी स्वयंसेवकही शहाणा होऊनच कामाला लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप, जो मी पूर्ण खरा म्हटला. फझिंगमधून बग निसटतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरलेला दोष उघड झाला. ती लायब्ररी अनेक वर्षं फझिंगखाली होती, पण दोषापर्यंत पोहोचायला आतल्या सारण्या इतक्या नेमक्या भराव्या लागत होत्या की फझर तिथे गेलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मोझिलाच्या एनएसएस या सुरक्षेच्या लायब्ररीत अगदी साधा दोष निघाला, तोही फझिंग होत असलेल्या कोडमध्ये. तिथे इनपुटच्या आकाराला मर्यादा घातली होती, आणि भाग सुटेसुटे तपासले जात होते, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकत्र नव्हे. २०२४ मध्ये फाइल आवळून लहान करणाऱ्या एक्सझेडमध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं ते एका अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचं खटकलं म्हणून. चोरदार शोधणं फझरचं काम नाही. तरी पेरणाऱ्याने आदल्याच वर्षी ओएसएस-फझमधली त्या कोडशी संबंधित एक सोय बंद करवून घेतली होती, हे विसरू नये.

यातून मी घेतो तो धडा वेगळा आहे. फझर लावून पाठ फिरवता येत नाही. तो कुठपर्यंत पोहोचतो आणि कोणत्या ओळी कधीच चालत नाहीत, हे दर काही महिन्यांनी पाहावं लागतं. मोठ्या फाइलही द्याव्या लागतात. लायब्ररी लोक वापरतात तशी अथपासून इतिपर्यंत तपासावी लागते. पण एखादं औषध प्रत्येक रोगावर चालत नाही म्हणून ज्या रोगावर चालतं त्यावरही घेऊ नये, हा सल्ला मी माझ्या घरात कुणाला देणार नाही. मग जे लोक विश्वासाने आपल्या हाती मजकूर देतात, त्यांना कसा देऊ?

ते लोक कोण आहेत, ते आमच्या सहकाऱ्यांनाही माहीत आहे. बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक वाचवू पाहणारा संपादकाचा मुलगा. वडिलांची अप्रकाशित कादंबरी जुन्या फाँटात अडकलेली मुलगी. तालुक्याच्या गावातला डीटीपी ऑपरेटर, ज्याच्याकडे गावभरच्या फाइल येतात. त्यांच्यापैकी कुणी आपला कोड वाचणार नाही, वाचला तरी त्यातली हद्द त्यांना दिसणार नाही. ती पाहायची जबाबदारी आपण लायब्ररी प्रसिद्ध केली त्या दिवशी घेतली.

माझा प्रस्ताव मी पुन्हा मांडतो, या वेळी मर्यादांसह. फझिंग फक्त फाइल वाचणाऱ्या भागावर. प्रत्येक बदलासोबत दहा मिनिटं, आणि रात्रीचा फझर माझ्या घरच्या संगणकावर. पहिले सहा महिने येणारा प्रत्येक क्रॅश मी स्वतः तपासेन, छाटेन आणि दुरुस्तीसह समोर ठेवेन. इतर कुणावर त्याचा भार पडणार नाही. सहा महिन्यांनी त्यातून काय मिळालं ते सगळे मिळून पाहू, आणि तेव्हाही हे नकोसं वाटलं तर थांबवू. वेलांटीने संपणारी आणि रफाराने सुरू होणारी या दोन फाइल मात्र तेव्हाही काढायच्या नाहीत, एवढी माझी अट आहे. त्या मी चाचण्यांमध्ये ठेवल्या आहेत, दुरुस्तीही सोबत जोडली आहे. ती वाचून मंजूर करण्याची विनंती त्याच सहकाऱ्यांना केली आहे, कारण आमच्यात त्यांच्याइतकं बारकाईने वाचणारं दुसरं कुणी नाही.